मिरर मारायचं राहिलं

मकरपुरा जीआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
जयमीन पांचाळच्या शेडवर मी चार तुकडे घेऊन गेले
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून.
काकी, म्हणाला, एकेक टेबलावर ठेवा.

पहिलं लिनो. नखानं ओरखडलं की जवसाचा वास येतो,
माझी तीस वर्षं त्या वासात गेली.
त्यानं बोटानं दाबलं, मान हलवली:
बिट तापलं की हे वितळून दातांत बसतं.
हातानंच कापा ना तुम्ही.
मी अंगठा दाखवला, बुंध्याशी आलेली गाठ.
मग तो काही बोलला नाही.

ॲक्रेलिक. रेषा केसासारखी येईल,
पण त्यावरून उठणारा काळा नुसता सपाट,
कुणाच्या घरात कधी न राहिलेला.

एमडीएफ स्वस्त, आज्ञाधारक,
सांगाल तिथे थांबतो.
शाई पितो, आधी चपड्याचे दोन हात द्यावे लागतात,
ते मी दिले असते.
पण विश्वामित्री उतरल्यावर कारेलीबागेत
फाटकाफाटकाबाहेर मी पाहिलाय तो:
चहात विसरलेल्या टोस्टसारखी फुगलेली कपाटं,
कोपऱ्याला हात लावला की हातात लगदा.
खानवेलकरांच्या झेरॉक्सच्या दुकानाचं काउंटर
चौघांनी उचललं, अर्धंच वर आलं.

चौथी फळी त्याच दुकानातली, पोटमाळ्याची,
सागाची, बिनपॉलिशची. हिच्यावर खानवेलकर
एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस बसून होते
लॅमिनेशनचं मशीन मांडीवर घेऊन.
ही, मी म्हटलं.

जयमीननं चुंबक फिरवला.
टक्क.
टक्क.
पुन्हा टक्क.
त्याचे वडील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचे,
त्यांना म्हणे फळी ठोकली की खिळा ऐकू यायचा.
दोन निघाले. तिसरा मोडला, आत राहिला;
त्याच्याभोवती खडूनं गोल काढून
त्यानं फाइलमध्येही तेवढी जागा वगळली.

मग कडेला क्लॅम्प, साठ अंशांचा व्ही,
खोली दोन मिलिमीटर. मोकळ्या जागेला
तीनचा एंडमिल, तिथे चार उतर,
नाहीतर रोलर तळाला शिवतो.
तंतूंना आडवं जाताना साग जरा फाटला.
फाटू दे, मी म्हटलं.
पन्नास मिनिटं आम्ही एकमेकांशी ओरडून बोललो
आणि चहावर भुशाची साय धरली.

मशीन थांबलं, ब्रशनं झटकलं,
दुकानाचं काचेचं दार वर आलं, दाराला टेकलेलं पाणी,
आणि काचेवरचं नाव
मला वाचता आलं.
डावीकडून उजवीकडे, ‘खा’पासून ‘र’पर्यंत, सरळ.

ठशात वाचता येतं ते कागदावर वाचता येत नाही,
हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगत आलेय.
जयमीनचा चेहरा पडला.
फाइल कुणाची? माझी.
मिरर मारायचं राहिलं.

दुसरी फळी नव्हती.
घरी शाई लावली, तरी लावली,
भाताच्या डावाच्या पाठीनं कागद घासला,
डाव्या हातानं, त्यामुळे एका कोपऱ्यात फिकट आलाय.
खानवेलकर बघायला म्हणून आले होते,
चप्पल काढायची की नाही या विचारात दारातच.

कागद सोलून मी आधीच माफी मागितली.
नाव उलटं आलंय, म्हटलं, चूक माझीच.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
जवळ आणून पाहिला, मग लांब धरून.
बरोबर आहे, म्हणाले.
आतून असंच दिसतं.

खिळ्याची जागा न कापलेली,
म्हणून पाण्याच्या मधोमध एक काळा ठिपका उठलाय.
त्याला ते मगर म्हणतात.
मी खिळा म्हणत नाही.